लाल पेन्सिलीची खूण

माझं गर्भाशय मला एकोणीस वर्षांनी सापडलं. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या संग्रहालयात, तिसऱ्या फळीवर, काचेच्या बरणीत. बरणीवर नमुना क्रमांक होता आणि खाली टाइप केलेली पट्टी: 'गरोदरपणातील गर्भाशय. खालच्या भागात मोठी फायब्रॉइड गाठ. छेद गाठीतून गेलेला.' नाव नव्हतं. दरवर्षी शे-दीडशे विद्यार्थी त्या बरणीसमोर उभे राहून वहीत आकृती काढत असणार. क्रमांक माझ्या काढलेल्या पिशवीच्या तपासणीच्या जुन्या कागदाशी जुळला, तेव्हा मी तिथंच फरशीवर बसले. रडले नाही, रडणं केव्हाच संपलं होतं. राग मात्र होता, आणि तो मी पापडासारखा कोरड्या डब्यात घट्ट झाकण लावून जपला होता.

मी पद्मजा मगदूम. माहेर इचलकरंजीचं, सासर निपाणीचं. २०१९ साली मी सत्तावीस वर्षांची होते आणि मला पहिल्यांदा दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपल्याकडची रीत. त्यामुळे होतं काय, की सात महिने एक डॉक्टर पोट तपासतो आणि ऐन वेळी सोडवणारा दुसराच असतो. मधला दुवा म्हणजे कागद. निपाणीच्या सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी माझ्या रिपोर्टात स्पष्ट लिहिलं होतं, की पिशवीच्या खालच्या भागात, डाव्या बाजूला नऊ सेंटिमीटरची गाठ आहे, बाळ आडवं आहे, सिझर करताना नेहमीच्या जागी छेद घेऊ नये. तो रिपोर्ट खाकी पाकिटात घालून, झाकण चिकटवून त्यांनी माझ्या आईच्या हातात दिला. आईनं तो स्वतःच्या हातानं डॉ. विद्याधर तगाऱ्यांच्या टेबलावर ठेवला.

तगारे म्हणजे तेव्हा गावातलं मोठं नाव. त्यांची एक पद्धत होती. टेबलावर पाकिटांचा गठ्ठा असायचा, खिशात लाल पेन्सिल. बोलता बोलता ते एकेका पाकिटाच्या कोपऱ्यात लाल खूण करायचे आणि पाकीट पलीकडच्या गठ्ठ्यावर टाकायचे. खूण म्हणजे 'पाहिलं'.

चौदा डिसेंबरला दुपारी मला कळा सुरू झाल्या. चार वाजता सिझर, तेही घाईघाईत. तगाऱ्यांनी नेहमीच्या जागी, खाली आडवा छेद घेतला. तिथं गाठ होती. ती सोलून काढायला गेले आणि रक्ताचा पाट सुटला. आत बाळ आडवं, हाताला लागेना. त्याला बाहेर यायला अकरा मिनिटं लागली. मुलगी होती. ती रडली नाही. मग माझा जीव वाचवण्यासाठी पिशवी काढून टाकली. बाई वाचली हे काय कमी आहे, असं तगाऱ्यांनी सगळ्यांना सांगितलं, आणि सगळ्यांनी ते मला सांगितलं.

फाइलमध्ये त्यांनी एक वाक्य लिहिलं: 'रुग्णाने पूर्वीचे कागद आणले नाहीत.' माझा संसार त्या एका वाक्यानं मोडला. कागद न्यायला विसरली आणि पोर घालवली, असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिल्या. नवऱ्यानं त्यांना कधी अडवलं नाही, आणि चार वर्षांनी दुसरं लग्न केलं. माझी आई मरेपर्यंत, अगदी रिक्षावाल्यालासुद्धा, 'मी स्वतः टेबलावर ठेवलं होतं हो,' असं सांगायची.

ते पाकीट मला दवाखान्यातून सोडताना दिलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात परत मिळालं होतं. कोपऱ्यात लाल खूण, आणि झाकण अजून चिकटलेलं. मी ते कडेनं ब्लेडनं कापून उघडलं, झाकण तसंच ठेवलं. वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली. तीन वर्षांनी उत्तर आलं, की पेन्सिलीच्या खुणेवरून काही सिद्ध होत नाही, आणि झाकण कुणालाही पुन्हा चिकटवता येतं.

फायब्रॉइड म्हणजे काय, हे लोकांना अजून नीट माहीत नसतं. ती गर्भाशयाच्याच स्नायूची गाठ, कर्करोग नव्हे. तिशी-चाळिशीतल्या कितीतरी बायकांना असते आणि पुष्कळजणींना पत्ताही नसतो. दिवस गेले की पहिल्या काही महिन्यांत ती कधी कधी वाढते. वाढता वाढता तिला रक्त पुरेनासं झालं, की आतून कुजल्यासारखी होते आणि भयंकर दुखते. तरी विश्रांती आणि औषधं देऊन तेवढे दिवस काढायचे असतात. गरोदरपणात ती कापायला सहसा जात नाहीत, कारण तेव्हा पिशवीला रक्ताचा पुरवठा अफाट असतो. बहुतेक बाळंतपणं गाठीसकट नीट पार पडतात. सगळा प्रश्न जागेचा असतो. गाठ खाली असली तर बाळाची वाट अडते, बाळ आडवं राहतं. बाळ बाहेर आल्यावर पिशवीनं मूठ आवळावी तसं आकसायचं असतं, तेव्हाच रक्त थांबतं. मुठीत दगड असेल तर ती आवळणार कशी? म्हणून अशा वेळी वरच्या भागात उभा छेद घ्यायचा, बाळ काढायचं आणि गाठीला हात लावायचा नाही. बाळंतपणानंतर ती बरेचदा आपोआप लहान होते. आधी कागद वाचला, तर हे सगळं एखादा शिकाऊ डॉक्टरही सांगू शकतो.

मी पुन्हा कॉलेजात गेले आणि तंत्रज्ञ झाले. २०३६ साली आमच्या भागात 'जुळी' आली. यंत्राचं सरकारी नाव लांबलचक आहे, पण ते पोटातल्या पिशवीची जुळी बहीण तयार करतं म्हणून सगळे तिला जुळीच म्हणतात. बाईच्या पोटावर आठवडाभर पट्टा बांधतात. तो ध्वनिलहरींनी पिशवीची जाडी, गाठीचा कडकपणा, एकेका रक्तवाहिनीतला वेग, बाळाची ठेवण मोजत राहतो. त्यातून यंत्रात तंतोतंत तशीच पिशवी उभी राहते, आणि तिला पुढच्या महिन्यात, पुढच्या आठवड्यात नेऊन पाहता येतं. डॉक्टरनं चष्मा लावायचा, हातमोजे घालायचे. मोज्यांत सुरीची धार, स्नायूचा ताण, रक्ताचा ऊबदार ओलावा, सगळं हाताला लागतं. पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ असेल तर आधी जुळीवर तालीम केल्याशिवाय खऱ्या पोटाला हात लावायचा नाही, असा कायदाच झाला. ज्या बाईची तालीम, तिला काचेपलीकडे बसून ती पाहायचा हक्क. आमच्याकडे तालीम म्हटलं की लाल माती आणि लंगोट आठवतो, त्यामुळे सुरुवातीला लोक फार हसले. आता कुणी हसत नाही.

त्या तालमीची प्रमुख मी. बरणी सापडल्यावर रीतसर अर्ज करून मी ती चार दिवसांसाठी मागून आणली, बारीक काप घेत जावं तशी यंत्रानं आतली पिशवी थराथरानं टिपली आणि मी निपाणीचा रिपोर्ट जोडला. बाकीचं, म्हणजे रक्त, स्नायूचा जोर आणि बाळ, जुळीनं हिशेबानं भरलं. माझी पिशवी पुन्हा जिवंत झाली. आत माझी मुलगी आडवी झोपलेली होती. मी तो नमुना कुलूपबंद करून ठेवला आणि वाट पाहत बसले. कशाची, ते मलाही माहीत नव्हतं.

मग २०४१ च्या नोव्हेंबरात मैथिली आली. विद्याधर तगाऱ्यांची एकुलती एक मुलगी, वय तीस, सासर पुण्याचं, आठवा महिना. पिशवीच्या खालच्या भागात उजवीकडे गाठ, आठ सेंटिमीटरची. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. आणि वडील स्वतःच्या हातांनी सोडवणार होते, कारण तगाऱ्यांची मुलगी दुसऱ्याच्या टेबलावर झोपली तर गाव काय म्हणेल?

ती लाघवी होती. पट्टा बांधताना तिनं मला काकू म्हटलं. मला तिचा राग यायला हवा होता. आलाही, थोडा. तिच्या फुगलेल्या पोटाकडे बघताना माझ्या मनात काय काय आलं, ते मी लपवत नाही. मी गप्प बसले असते तरी पुरलं असतं. तालीम तोंडदेखली उरकायची, कागदावर 'ठीक' लिहायचं, आणि तगाऱ्यांना त्यांच्या सवयीच्या जागी छेद घेऊ द्यायचा. दोन रात्री मी तो विचार घोळवला. मग माझ्या लक्षात आलं, की त्यानं तगाऱ्यांना दुःख होईल, पण आपण काय केलं हे कळणार नाही. मला त्यांना कळायला हवं होतं.

म्हणून मी मैथिलीला समोर बसवून सगळं सांगितलं आणि पाकीट दाखवलं. तिनं त्या खुणेवर बोट ठेवलं. मग तिनं तारीख विचारली. मी सांगितली.

"चौदा डिसेंबरला संध्याकाळी आमचं स्नेहसंमेलन होतं," ती म्हणाली. "मी तिसरीत होते. बाबा पहिल्यांदाच वेळेवर आले होते. पहिल्या रांगेत बसलेत. तो फोटो अजून आमच्या हॉलमध्ये आहे."

तेव्हा मला बावीस वर्षांनी कळलं, की त्या दिवशी तगाऱ्यांना कसली घाई होती. मैथिली रडली नाही, माझी माफीही मागितली नाही, आणि ते मला आवडलं. ती फक्त म्हणाली, की तेव्हा काय झालं असेल ते असो, पण बाबा माझं पाकीट उघडल्याशिवाय राहणार नाहीत. मग मी तिला माझा बेत सांगितला. तालमीत तिच्या जागी माझी पिशवी लावायची. समोर तिचा रिपोर्ट चिकटवलेल्या पाकिटात ठेवायचा. त्यात गाठ उजवीकडे लिहिलेली, यंत्रात ती डावीकडे. पाकीट उघडणाऱ्याला एका मिनिटात कळेल, की ही जुळी आपल्या मुलीची नव्हे. तसं झालं तर माझी नोकरी जाईल, आणि मी पुन्हा तोंड उघडणार नाही. तिनं संमतीच्या कागदावर सही केली. तिला तेवढी खात्री होती.

मंगळवारी अकरा वाजता तगारे आले. सहासष्ट वर्षांचे, केस पांढरे, चाल तीच. मला त्यांनी ओळखलं नाही. हजारो बायका हाताखालून गेल्या, कोण कुणाला ओळखणार! असल्या खेळण्यांवर आमच्या पिढीला परीक्षा द्यावी लागते, असं काहीसं ते हसत म्हणाले. मैथिली काचेपलीकडे येऊन बसली. तिनं हात हलवला, त्यांनीही हलवला.

त्यांना पडद्यावर वाचायला आवडत नाही, कागद लागतो, हे मला माहीत होतं. मी पाकीट टेबलावर ठेवलं. "मैथिलीताईंचा रिपोर्ट," मी म्हटलं. "सुरू करण्याआधी बघून घ्या."

त्यांनी पाकीट हातात घेतलं. उलटून पाहिलं. काचेपलीकडे मैथिली खुर्चीत पुढे सरकली. खरं सांगते, त्या क्षणी त्यांनी ते उघडावं की उघडू नये, यातलं मला नक्की काय हवं होतं हे आजही सांगता येत नाही. तगाऱ्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली, कोपऱ्यात खूण केली आणि पाकीट बाजूला ठेवलं.

"गाठ आहे, माहितेय मला," ते म्हणाले. "मध्ये आली तर सोलून काढू. लावा तुमचं यंत्र."

मी यंत्र लावलं. त्यांनी छेद घेतला, नेहमीच्या जागी, खाली. सुरी गाठीत शिरली. गाठ सुटेना, रक्त थांबेना. त्यांचे हात आत बाळ शोधत होते आणि पडद्यावर मिनिटं पुढं सरकत होती. चार. सात. दहा. अकराव्या मिनिटाला बाळाच्या ठोक्यांची रेघ सपाट झाली. मी ती आधी कधीच पाहिली नव्हती. त्या दिवशी मी भूल दिलेली होते. यंत्राला आवाज नसतो, त्यामुळे खोलीत काहीच ऐकू आलं नाही.

यंत्र बिघडलंय, असं तगारे म्हणाले. पुन्हा लावा. मी पुन्हा लावलं. पुन्हा तिथंच छेद, पुन्हा तेच. या वेळी नऊ मिनिटं. पिशवी दोन्ही वेळा गेली. चष्मा काढला तेव्हा त्यांचा चेहरा घामानं भिजला होता आणि नजर काचेकडे गेली. मैथिलीची खुर्ची रिकामी होती. ती आत येऊन दारात उभी होती.

"ही तिची पिशवी नाही," मी म्हटलं. "माझी आहे. पद्मजा मगदूम, चौदा डिसेंबर दोन हजार एकोणीस. कागद आणले होते."

आणि बावीस वर्षांपूर्वीचं पाकीट मी आजच्या पाकिटाशेजारी ठेवलं. दोन्हींच्या कोपऱ्यात तीच लाल खूण. दोन्हींची झाकणं चिकटलेली.

ते ओरडतील असं मला वाटलं होतं. ही फसवणूक आहे, तुमचं लायसन्स घालवीन, असं सगळं ऐकायची माझी तयारी होती, किंबहुना मला ते ऐकायचंच होतं. पण ते खुर्चीत बसले आणि त्यांनी दोन्ही पाकिटं जवळ ओढली. मग मैथिलीकडे वळून हळूच म्हणाले, "अगं, मी उघडणारच होतो. नंतर."

मैथिली त्यांच्याजवळ गेली नाही. "माझ्या पोटाला तुम्ही हात लावायचा नाही," ती म्हणाली. "आणि बाबा, आधी काकूंचं बाळ वाचवून दाखवा. मग माझं हातात घ्या."

मी झाला प्रकार वरिष्ठांना लेखी कळवला. माझी पगारवाढ सहा महिने बंद झाली आणि मला ताकीद मिळाली. ती ताकीद मी चौकटीत लावणार होते, पण सहकारी नको म्हणाले. मैथिलीचं सिझर डॉ. नसीमा जमादारांनी केलं. त्या आमच्याच तालमीत शिकल्या. जुळीवर चार वेळा सराव करून त्यांनी वर उभा छेद घेतला, दोन मिनिटांत बाळ काढलं, गाठीला बोटही लावलं नाही. मुलगी झाली. पिशवी शाबूत राहिली. तगारे बाहेरच्या बाकावर बसून होते. दारावरच्या नर्सनं सवयीनं त्यांना विचारलं, की जुने कागद बरोबर आणलेत ना, आणि ते उठून उभे राहिले आणि तसेच उभे राहिले. मी समोरच होते. खोटं कशाला बोलू, मला ते दृश्य गोड वाटलं.

त्यानंतर दर गुरुवारी ते तालमीत येऊ लागले. निपाणीचा रिपोर्ट आता पाकिटाबाहेर होता. ते तो बोट ठेवून ओळ न ओळ वाचायचे, मान हलवायचे, मोजे घालायचे, आणि सुरी पुन्हा खालीच जायची. तीस वर्षांची सवय, हात ऐकत नव्हते. कधी जागा बरोबर घ्यायचे तर मध्येच गाठीकडे बोटं वळायची. मी शेजारी बसून फक्त मिनिटं सांगायची. आठ गुरुवार माझी मुलगी त्यांच्या हातात गेली. प्रत्येक वेळी मला ते पाहावं लागलं, ही शिक्षा मी त्यांना देत होते की स्वतःला, हा प्रश्न मला पडायचा. तरी एकही गुरुवार मी दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही.

नवव्या गुरुवारी त्यांनी वर उभा छेद घेतला. बोटं गाठीकडे वळली नाहीत. दोन मिनिटं दहा सेकंदांनी बाळ बाहेर आलं. रेघ वरखाली होत राहिली. पिशवी आकसली, रक्त थांबलं, गाठ जिथल्या तिथं राहिली. त्यांनी चष्मा काढला. म्हातारा माणूस हुंदके देऊन रडत होता.

"वाचलं, बाई," ते म्हणाले. "दोघीही वाचल्या."

"यंत्रातल्या," मी म्हटलं.

निकाल मी मैथिलीला त्याच दिवशी पाठवला, होता तसा. नाही ते लिहून ठेवायची सवय मला नाही. नात त्यांच्या मांडीवर गेली असेल, जावो.

त्या गुरुवारी जाण्यापूर्वी तगाऱ्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं. यात सगळं लिहिलंय, ते म्हणाले. त्या दिवशी काय झालं, ते वाक्य फाइलमध्ये का घातलं, सगळं. तुमच्या आईंचीही माफी मागितलीय. महिनाभर लिहीत होतो.

त्यांची लाल पेन्सिल टेबलावरच पडली होती. मी ती उचलली, पाकिटाच्या कोपऱ्यात नीट खूण केली आणि पाकीट पलीकडच्या गठ्ठ्यावर ठेवलं.

"मगदूमबाई, उघडून तरी बघा," ते म्हणाले.

"पाहिलं," मी म्हटलं आणि पुढच्या बाईला आत बोलावलं.

ते पाकीट माझ्या कपाटात आहे. त्याचं झाकण अजून चिकटलेलं आहे.